चढलेली पट्टी : सेमाडोहच्या एका ध्वनिफितीची पाठचिकित्सा

आमच्या एका जुन्या लेखातले एक विधान आम्हांला मागे घ्यायचे आहे. ते चुकीचे कसे ठरले हे सांगताना ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील एका प्रकरणात शिरावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकांचा त्या प्रकरणाशी सहसा संबंध येत नाही. यायला हवा, असे आता आमचे मत झाले आहे.

२००० सालच्या होळीच्या दिवसांत, एम.ए.ला असताना, आम्ही तिघे परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या एस.टी.ने सेमाडोहला उतरलो. सिपना नदीच्या काठचे हे गाव व्याघ्रप्रकल्पामुळे पर्यटकांना ठाऊक असते. आम्ही गेलो होतो ते कोरकू गाणी गोळा करायला. होळी हा कोरकूंचा वर्षातला मोठा सण. बरोबर एक उसना कॅसेट रेकॉर्डर, चार सेल आणि नव्वद मिनिटांची एक कॅसेट एवढाच सरंजाम होता. एका अंगणात रात्री उशिरापर्यंत बायका गायल्या. मधूनमधून एक वृद्ध गृहस्थ बासरी वाजवीत होते. अंगणात विजेची जोडणी नव्हती. सेल बदलायला हवेत हे आमच्या ध्यानातही आले नाही. कॅसेट फिरते आहे, तांबडा दिवा लागला आहे, एवढे आम्हांला पुरेसे वाटले.

त्या कॅसेटवरून लिहिलेला आमचा लेख २००४ साली एका महाविद्यालयीन वार्षिकांकात छापून आला. त्यात आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले होते की, या स्त्रियांचे गाणे जसजसे पुढे सरकते तसतशी त्याची लय आणि पट्टी दोन्ही चढत जातात; गाणे जणू गाविलगडाच्या डोंगराची चढण चढते. वाक्य आम्हांला फार आवडले होते. दुर्दैवाने ते इतरांनाही आवडले. निदान दोन प्रबंधिकांत ते अवतरणचिन्हांसह आले, आणि एका चर्चासत्रात तर भूगोल आणि लय यांच्या नात्यावर त्याच्या आधारे बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत आम्हीही हिरिरीने बोललो होतो.

२०१८ साली त्या कॅसेटचे अंकीय रूपांतर करून घेतले आणि त्याची प्रत द्यायला सेमाडोहला गेलो. गाणाऱ्यांपैकी सर्वांत वयस्क बाई तोवर वारल्या होत्या. त्यांची नात घरी होती. तिने भ्रमणध्वनीवर गाणे लावले, कान देऊन ऐकले, आणि म्हणाली, “सर, हा आवाज माह्या आजीचा नाही.” आम्ही तिची समजूत घालू लागलो. कॅसेट जुनी आहे, यंत्र साधे होते, आवाजात थोडा फरक पडतोच, वगैरे. तिने मान हलवली. “सुरुवातीले आजीच वाटते सर. मग थे लहान पोरगी होऊन जाते.”

अठरा वर्षे ती कॅसेट आमच्याजवळ होती. ती आम्ही वर्गात ऐकवली होती, तिची स्वरलिपी करून घेतली होती. त्या मुलीने पहिल्याच ऐकण्यात जे सांगितले ते आमच्या कानाला कधी जाणवले नव्हते. कारण उघड आहे. आमच्यापाशी गाणे होते. तिच्यापाशी आजी होती.

परत आल्यावर कॅसेटचा शेवट ऐकला. तिथे आमच्यातल्याच एकाने दिनांक आणि गावाचे नाव उच्चारलेले आहे. तो आवाज शाळकरी मुलाचा वाटतो. यावर पूर्वी आम्ही हसलोही होतो. रात्रीच्या थंडीने घसा आवळला असेल, अशी थट्टा केली होती.

झाले होते ते इतके साधे की सांगायला संकोच वाटतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकावी असे ठरलेले आहे. यंत्रातील नियामक बराच वेळ ती गती सांभाळतो. सेल एका मर्यादेखाली उतरले की त्याचा इलाज चालत नाही आणि मोटार मंदावते. मुद्रण करताना फीत हळू सरकली म्हणजे तेवढाच आवाज कमी लांबीच्या फितीवर दाटीने बसतो. मग तीच फीत घरी, भरल्या विजेवर, योग्य गतीने वाजवली की तो आवाज आखूड आणि उंच होऊन बाहेर येतो. सेल उतरत गेले, गाणे चढत गेले. गाविलगडाच्या चढणीचा यात काही संबंध नव्हता.

या चुकीचा एक विशेष असा की ती कधी एकटी येत नाही. गती बदलली की लय बदलते, पट्टी बदलते आणि आवाजाचा पोतही बदलतो. सुमारे सहा टक्के गती वाढली की गाणे एका अर्धस्वराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीपर्यंत, वर सरकते. हे प्रमाण ध्यानात ठेवले की जुन्या तबकड्यांचा प्रश्न किती मोठा आहे ते कळते. फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि १९०२च्या नोव्हेंबरात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकडीने मिनिटाला किती फेरे घ्यावेत याबद्दल सर्वमान्य नियम नव्हता. आज आपण सरसकट ‘७८ची तबकडी’ म्हणतो, पण तो आकडा रूढ झाला तो १९२५च्या सुमारास, विजेवरच्या मुद्रणाबरोबर. तोही सर्वत्र एक नव्हता. जिथे विजेची आवर्तने सेकंदाला ६० तिथे ७८.२६ फेरे, आणि आपल्यासारख्या ५० आवर्तनांच्या देशांत ७७.९२. हा फरक नगण्य आहे. परंतु त्याआधीची एखादी तबकडी ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली असेल आणि आपण ती ७८ने ऐकत असू, तर गायक जवळजवळ एका अर्धस्वराने वर चढतो आणि तीन मिनिटांतले सुमारे नऊ सेकंद नाहीसे होतात.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या तबकडीत ही चूक पकडायला निदान एक आधार असतो. तिथे वाद्ये एका ठरलेल्या स्वराला मिळवलेली असतात; १९३९ साली लंडनच्या परिषदेत त्या स्वरासाठी सेकंदाला ४४० कंपने ही संख्या मान्य झाली. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. गायक काळी एकमध्ये गातो की पांढरी चारमध्ये, हे त्याच्या गळ्यावर आणि त्या दिवसाच्या प्रकृतीवर अवलंबून. म्हणून चुकीच्या गतीने वाजणारी आपली तबकडी चुकीची वाटतच नाही. सूर सुरात असतात, ताल तालात असतो. गायक जरा वरच्या पट्टीत आणि जरा घाईत गातो आहे, इतकेच वाटते. मग त्यावर टीका उभी राहते. संगीत नाटकांच्या काळातले गायक उंच पट्टीत गात, हे विधान आपण कितीदा वाचतो. त्यात तथ्य नक्की आहे. ध्वनिक्षेपकाविना मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर पट्टी उंचच हवी. पण त्यातला किती भाग गळ्याचा आणि किती तबकडीचा, हे विचारल्याशिवाय ते विधान करू नये. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले, म्हणजे कलकत्त्याच्या त्या मुद्रणाच्या आधीच. त्यांच्याबद्दल आपल्याला ऐकीव साक्षीवरच विसंबावे लागते. बालगंधर्वांचे तसे नाही, त्यांच्या तबकड्या आहेत. तबकड्या असणे म्हणजे पुरावा असणे, असे आपण धरून चालतो. पुरावा आहेच, पण त्याची उलटतपासणी व्हायला हवी.

गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. जर्मनीत हॅनोव्हरला तबकड्या छापणाऱ्या तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी म्हणून ही रीत होती, असे सांगतात. त्या दोन-तीन सेकंदांच्या बोलण्याचे मोल आम्हांला सेमाडोहच्या कॅसेटनंतर कळले. गाण्यात माणूस कुठल्याही पट्टीत जाऊ शकतो. बोलताना मात्र तो आपल्या नैसर्गिक आवाजाच्या आसपासच असतो. गती चुकलेली असेल तर ती बोलण्यात आधी उघडी पडते.

हा दोष केवळ आपल्यासारख्या उसन्या यंत्रांच्या देशात होतो असे समजण्याचे कारण नाही. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधील अत्यंत गाजलेली तबकडी. १९५९च्या मार्चमधील पहिल्या बैठकीच्या वेळी कोलंबिया कंपनीच्या सुसज्ज स्टुडिओतले मुख्य यंत्र किंचित मंद चालत होते, आणि त्यामुळे तबकडीची पहिली बाजू तीस वर्षांहून अधिक काळ जगभर किंचित वरच्या पट्टीत ऐकली गेली. तिच्यासोबत वाजवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना वाद्य जुळेना. त्यांतल्या अनेकांनी दोष स्वतःच्या कानाला दिला असणार. योग्य गतीने चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरची राखीव फीत उपलब्ध होती, तिच्यावरून १९९२ साली दुरुस्ती झाली. आमच्यापाशी राखीव फीत नव्हती.

आमच्या प्रकरणाशी अधिक जवळचे उदाहरण वुडी गथ्री या लोकगायकाचे. १९४९ साली न्यू जर्सीत नेवार्कला झालेला त्याचा एक कार्यक्रम एका विद्यार्थ्याने तारेवर मुद्रित केला होता. फितीऐवजी केसासारखी बारीक पोलादी तार वापरणारी ही यंत्रे त्या काळी घरोघरी येऊ लागली होती. त्यांत तार ओढली जाई ती गुंडाळणाऱ्या रिळाच्याच फिरण्याने. रीळ भरत जाईल तसा त्याचा घेर वाढे आणि तारेची गती वाढत जाई. शिवाय तार गुंतायची, तुटायची, गाठ मारून जोडावी लागायची. २००१ साली ही रिळे पुन्हा प्रकाशात आली. अभियंत्यांनी आणि केविन शॉर्ट या गणितज्ञाने गतीचे हे चढउतार मोजून सरळ केले. २००७ साली ते मुद्रण प्रसिद्ध झाले आणि पुढल्या वर्षी त्याला ऐतिहासिक मुद्रणासाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एका विद्यार्थ्याच्या हौशी यंत्रातला दोष दुरुस्त करायला गणितज्ञ लागला, ही गोष्ट आम्ही स्वतःच्या समाधानासाठी वारंवार आठवत असतो.

रॉक संगीताच्या चाहत्यांनी तर या दुरुस्तीचे एक शास्त्रच घडवले. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या वृंदाने श्रोत्यांना कार्यक्रम मुद्रित करू दिले. १९८४पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखून ठेवली. या फिती हातोहात गेल्या. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. आणि प्रत करणारे प्रत्येक यंत्र स्वतःची लहानशी चूक तीत घालणार. हस्तलिखितांचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. मूळ गती शोधण्यासाठी या चाहत्यांनी ज्या खुणा वापरल्या त्यांतली एक फार चतुर आहे. विजेच्या तारांची एक मंद गुणगुण ध्वनिक्षेपकातून मुद्रणात उतरते. अमेरिकेत ती सेकंदाला ६० कंपनांची असते, आपल्याकडे ५०. फितीवर ती ५३ भरली, तर फीत किती जलद वाजते आहे हे आपोआप कळले. दुसरी खूण वाद्यांच्या जुळणीची. पण तिथे सावध राहावे लागते. जिमी हेंड्रिक्स आपली गिटार पुष्कळदा मुद्दामच अर्धस्वर खाली लावत असे. त्याची फीत कुणी ‘प्रमाण’ जुळणीवर आणून ठेवली तर तो शुद्धीच्या नावाखाली पाठभ्रष्ट करतो. आपल्याकडच्या पेटीलाही हेच लागू आहे. ती कुठल्या प्रमाणावर लावली होती हे माहीत नसताना तिच्यावरून गती ठरवणे धोक्याचे.

सेमाडोहच्या त्या अंगणात वीज नव्हती, तेव्हा गुणगुणही नव्हती. जी उणीव चुकीला कारण झाली तिनेच चुकीचा पुरावाही नेला. आणखी एक मार्ग असतो. मुद्रणयंत्र फितीवर श्राव्य मर्यादेच्या फार वरचा एक स्थिर स्वर कामापुरता टाकते, त्याचा अवशेष शोधून गती मोजता येते. पण त्याला खास उपकरणे लागतात आणि नेहमीच्या अंकीय रूपांतरात तो अवशेष उतरत नाही. रातकिड्यांचाही विचार करून पाहिला. आवाज रात्रभर मागे आहे. परंतु त्यांचे किरकिरणे हवेच्या उष्णतेबरोबर कमीजास्त होते, आणि होळीच्या रात्री पहाटेकडे गारवा वाढतोच. ती साक्ष सोडून दिली.

उरली बासरी. त्या वृद्ध गृहस्थांनी एकच बासरी रात्रभर वाजवली, आणि तीच सुरावट ते चार वेळा वाजवतात. बांबूची लांबी आणि भोके रात्रीतून बदलत नाहीत. फुंकीच्या जोराने स्वर थोडा वरखाली होतो, हे खरे, पण थोडाच. कॅसेटवर मात्र पहिल्या आणि चौथ्या वेळच्या सुरावटीत एका पूर्ण स्वराचे अंतर पडले होते. म्हणजे शेवटाकडे यंत्र सुमारे ११ टक्क्यांनी मंदावले होते. चार ठिकाणची बासरी, आरंभीचे आणि अखेरचे आमचे बोलणे, एवढ्या खुंट्या रोवून त्यांच्यामध्ये गतीची रेषा आखली. त्याआधी ज्या यंत्रावर कॅसेट वाजवायची ते ३१५० कंपनांच्या चाचणी-कॅसेटने तपासून घेतले. एक चूक काढताना दुसरी घालायची नव्हती.

या कामात दोन मोह आडवे आले. आजची संगणक-प्रणाली लय तशीच ठेवून केवळ पट्टी उतरवून देते. तसे केले असते तर आमच्या लेखातले अर्धे विधान वाचले असते, ‘लय चढत जाते’ हे. पण यंत्राने दोन्ही गोष्टी एकत्र बिघडवल्या होत्या, तेव्हा सरळ करायच्या तर दोन्ही एकत्रच. दुसरा मोह अधिक सूक्ष्म. बायकांचे गाणे एका स्थिर षड्जावर आणून बसवावे, असे वाटू लागते. वाद्याच्या आधाराविना तासन्‌तास गाणाऱ्यांचा षड्ज थोडाफार सरकतो. ते सरकणे त्यांचे स्वतःचे, यंत्राचे नव्हे. म्हणून दुरुस्तीसाठी गाण्याचा आधार कुठेही घ्यायचा नाही, असा नियम आम्ही केला. दुरुस्तीनंतर गाणे आरंभीच्या पट्टीपासून किंचित खालीच उतरलेले आढळले, आणि लय बहुतांशी होती तिथेच राहिली. चढण नव्हतीच.

कोरकूच्या बाबतीत हे अधिकच जपायला हवे. संताळी आणि मुंडारी यांच्या कुळातली ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. नॉर्मन झाइड यांनी १९६६ साली तिच्यातील खालच्या सुराबद्दल लिहिले. हा सूर शब्दाशब्दांत भेद करतो. आमच्या कॅसेटसारखी हळूहळू घसरणारी गती एका शब्दापुरती फारशी बाधत नाही, कारण आजूबाजूचे सारेच तितके सरकते. पण अडखळत फिरणाऱ्या रिळाची थरथर शब्दाच्या आतच खोटा उतार निर्माण करू शकते. बोलीची मुद्रणे ज्यांच्या संग्रही आहेत त्यांनी मोजमापे घेण्याआधी ती कशावर आणि कोणत्या विजेवर मुद्रित झाली ते लिहून ठेवावे.

आणि आपल्याला हे केवळ कोरकूपुरते म्हणता येत नाही. वऱ्हाडीचे सर्वांत मौलिक मुद्रण म्हणावे असे गाडगेबाबांचे कीर्तन १९५६च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात ध्वनिफितीवर घेतले गेले. २० डिसेंबरला बाबा वलगावजवळ गेले. त्या कीर्तनाची छापील संहिता आपण वर्गात शिकवतो. संहितेत प्रश्न आहेत, लोकांची उत्तरे आहेत. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला अवकाश नाही. तो फक्त फितीवर आहे, आणि तोच गतीच्या चुकीत सर्वांत आधी आखडतो. बाबा श्रोत्यांना किती वेळ विचार करू देत, हा वक्तृत्वाच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर कितव्या प्रतीवर ऐकून द्यायचे? मूळ मुद्रणात वांद्र्याच्या विजेची गुणगुण सापडली तर हे कुणालाही मोजता येईल. ५० कंपने, एवढाच शोध.

दुरुस्त केलेली फीत तयार झाल्यावर जुनी टाकून द्यावी का, यावर आमच्यात वाद झाला. निकाल लावायला फार दूर जावे लागले नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला म्हाइंभटाने लीळाचरित्राची सामग्री जुळवली. त्या परंपरेत एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी मिटवून एकजीव केलेल्या नाहीत. ‘वासना’ म्हणून पाठभेद शेजारी नोंदवलेले आहेत. आमची दुरुस्ती हीदेखील एक वासनाच. बासरीवरची आमची श्रद्धा उद्या कुणी खोडून काढील, तेव्हा त्याला मूळ बिघडलेली फीत लागेल. दोन्ही ठेवल्या आहेत.

२०२३ साली दोन्ही घेऊन पुन्हा सेमाडोहला गेलो. या वेळी नातीने काही म्हटले नाही. घरातल्या दोघी-तिघींना हाक मारून बोलावले. शेवटाकडे एक जागा येते. जुन्या फितीवर तिथे एक तीव्र, कर्कश स्वर ऐकू येई, आणि २००४च्या लेखात आम्ही त्याला ‘गीतसमाप्तीची विधिपूर्वक आरोळी’ म्हटले होते. तेही विधान या लेखात मागे घेत आहोत. नव्या फितीवर ती जागा आली तशा त्या सगळ्या हसू लागल्या. आम्ही विचारले, काय झाले?

“आजी ओळ विसरली न सर,” नात म्हणाली. “म्हणून साऱ्या हासून राहिल्या.”

मग तिने बोटाने गाणे थोडे मागे नेले आणि तेवढेच पुन्हा लावले.